सुट्टीत मुलांना मामाकडे पाठवू की नको?

प्रश्न

पत्र नाशिकहून आलं आहे. लिहिणाऱ्या बाई ३९ वर्षांच्या आहेत. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

२०१९ साली त्यांनी नवऱ्याबरोबर थिएटरात ‘जोकर’ पाहिला. बॅटमॅनच्या गोष्टींमधला खलनायक कसा घडला हे सांगणारा तो काळाकुट्ट चित्रपट त्यांना तेव्हा फार आवडला होता. शेवटाकडे त्यातला नायक आर्थर, म्हणजे पुढचा जोकर, टीव्हीच्या कार्यक्रमात सूत्रसंचालकावर गोळी झाडतो, तेव्हा थिएटरात शिट्ट्या पडल्या आणि यांच्याही हातून टाळी वाजली. पुढे दोन वर्षांनी त्यांच्या धाकट्या भावाला स्किझोफ्रेनियाचं, म्हणजे नसलेले आवाज ऐकू येणं, संशय येणं अशा गंभीर मानसिक आजाराचं, निदान झालं. पुण्यातली नोकरी सोडून तो आता गावी आईवडिलांजवळ राहतो, औषधं घेतो, सकाळी वडिलांच्या दुकानात बसतो. सासरी मात्र ‘डिप्रेशन आहे’ एवढंच सांगितलेलं आहे.

गेल्या दिवाळीत माहेरी सगळे जमले असताना, मुलं झोपल्यावर, नवऱ्याने तोच चित्रपट टीव्हीवर लावला. या वेळी बाईंना तो पाहवेना. भाऊ मात्र शेवटपर्यंत बसून राहिला. सकाळी चहा घेताना त्याने विचारलं, ‘ताई, मीही असाच होईन का?’ त्या ‘काहीतरीच काय, पिक्चर आहे तो’ म्हणाल्या आणि स्वयंपाकघरात निघून गेल्या. परतीच्या वाटेवर गाडीत नवरा म्हणाला, ‘मे महिन्यात मुलांना तिकडे ठेवायचं नाही. कधी काय होईल सांगता येतं का? पाहिलंस ना परवा?’ मुलगी ११ वर्षांची, मुलगा ७ वर्षांचा. दरवर्षी दोघंही सुट्टीत आजोळी जातात आणि मामाच्या मागेमागे असतात.

बाई विचारतात : मुलांना पाठवू का? नवऱ्याशी काय बोलू? आणि तेव्हा टाळी वाजवणारी मी नेमकी कोण होते?

उत्तर

ताई, तुमचे तीन प्रश्न आहेत, पण मी चौथ्यापासून सुरुवात करते. तो तुमच्या भावाचा आहे आणि दिवाळीपासून उत्तराविना पडून आहे.

‘मीही असाच होईन का?’ हे विचारायला त्याला रात्रभर धीर गोळा करावा लागला असेल. त्याने आईला विचारलं नाही, वडिलांना विचारलं नाही, तुम्हाला विचारलं. तुम्ही उठून गेलात. घाबरलेलं माणूस असंच करतं, त्याबद्दल स्वतःला दूषणं देत बसू नका. पण अशा प्रश्नाला कोणी टाळलं की विचारणाऱ्याला तो होकार वाटतो. म्हणून पुढच्या खेपेला गावी जाल तेव्हा समोर बसून तो विषय तुम्हीच काढा. ‘त्या दिवशी तू विचारलंस आणि मी नीट बोलले नाही’ इतकी सुरुवात पुरे. आणि उत्तर ‘नाही’ असं स्पष्ट द्या. ते खरं आहे.

त्याला कारणं हवी असतील तर तीही सांगा. आर्थरला नेमका कोणता आजार आहे हे त्या चित्रपटात कुठेही सांगितलेलं नाही. त्याला आवरता न येणारं हसू येतं. मेंदूला इजा झालेल्या काही जणांना असं खरोखर होतं, पण तो स्वतंत्र विकार आहे. शेजारच्या बाईशी आपलं जमलंय असं तो मनात रंगवतो आणि ते खरं धरून चालतो, हा दुसऱ्याच कुठल्या आजारातला तुकडा. लहानपणी त्याला अमानुष मारहाण झालेली आहे. तो कमालीचा एकटा आहे, आणि एक सहकारी त्याच्या हातात पिस्तूल ठेवतो. एवढं सगळं एकाच माणसात गोळा केलं, कारण लिहिणाऱ्यांना शेवटी जोकर हवा होता. ‘बॅटमॅन’ नावाच्या कॉमिकचा पहिला अंक १९४० मध्ये निघाला, त्या अंकातच जोकर खुनी म्हणून अवतरला. म्हणजे या गोष्टीचा शेवट जवळजवळ ८० वर्षं आधीच ठरलेला होता. गरिबी, अपमान, आजार हा त्या शेवटापर्यंत नेणारा रस्ता मागाहून बांधला. तुमच्या भावाचा शेवट असा कोणी लिहून ठेवलेला नाही. त्याच्याकडे निदान आहे, डॉक्टर आहेत, चालू औषधं आहेत, सकाळचं दुकान आहे आणि घरात प्रश्न विचारता येईल अशी एक बहीण आहे. आर्थरकडे यातलं जे थोडंफार होतं, तेही एकेक करून काढून घेतलं जातं.

मग त्यालाही एक प्रश्न विचारा : तुला त्यातलं काय पटलं? हा प्रश्न मनापासून विचारा, कारण त्या चित्रपटाने काही गोष्टी फार नेमक्या पकडल्या आहेत. बसमध्ये आर्थरला हसू फुटतं, समोरची बाई रागावते आणि तो खिशातून एक कार्ड काढून तिच्या हातात देतो. आपल्याला विकार आहे, हसणं आपल्या ताब्यात नाही, असं त्यावर छापलेलं असतं. अनोळखी माणसापुढे स्वतःची अशी फोड करून सांगावी लागणं काय असतं, हे तुमच्या भावाला तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त कळतं. आर्थर वहीत लिहितो की आजारात सगळ्यात वाईट काय, तर आजार नसल्यासारखं वागावं ही लोकांची अपेक्षा. तो एकाच वेळी सात औषधं घेत असतो. समुपदेशन करणारी बाई त्याचं ऐकल्यासारखं करते, ऐकत नाही, आणि एक दिवस सांगते की शहराने पैसे थांबवलेत, हे केंद्र बंद होणार. औषधं मिळायची तीही वाट तिथेच बंद होते. सरकारी दवाखान्याच्या बाकावर तासन्तास बसलेल्या कोणत्याही कुटुंबाला हा प्रसंग परका वाटणार नाही. भाऊ शेवटपर्यंत बसून राहिला याचा तुम्ही धसका घेतला आहे. तो कदाचित त्या कार्डासाठी बसला असेल. त्याच्या तोंडून ऐकल्याशिवाय आपल्याला कळायचं नाही.

याच चित्रपटात एक गोष्ट अशी आहे की तिच्याबद्दल मला खरोखर काळजी वाटते, आणि तुमच्या पत्रात तिचा उल्लेख नाही. औषधं बंद झाल्यावर आर्थर सहकाऱ्यांना सांगतो की आता मला खूप बरं वाटतंय. आणि पडद्यावर तसंच दिसतं. तोवर पाठीत वाकलेला, पाय ओढत जिने चढणारा माणूस त्याच पायऱ्यांवरून नाचत उतरतो. चाल बदलते, खांदे सरळ होतात, कपडे रंगीत होतात. स्किझोफ्रेनियाची औषधं घेणाऱ्या कित्येकांना जडपणा, झोप, वाढतं वजन हे सगळं सोसावं लागतं, आणि ‘गोळ्या सोडल्या तर मी मोकळा होईन’ हा विचार त्यांच्या मनात अधूनमधून येतोच. त्याला इतक्या देखण्या रूपात पडद्यावर आणून ठेवलंय. प्रत्यक्षात डॉक्टरांना न विचारता औषध थांबवलं की आजार उलटण्याची शक्यता खूप वाढते, आणि दर वेळी उलटल्यावर सावरणं आधीपेक्षा अवघड होऊ शकतं. तेव्हा आईला विचारून घ्या, दिवाळीनंतर गोळ्या वेळेवर चालू आहेत ना. त्याच्यावर पहारा बसवू नका, डबी मोजत बसू नका. सरळ त्यालाच विचारा, ‘गोळ्यांचा त्रास होतोय का? डॉक्टरांशी बोलायचं का?’ डोस बदलता येतो, औषधही बदलता येतं. हे त्याला माहीत असलं म्हणजे गुपचूप सोडून देण्याची गरज उरत नाही.

आणखी एक गोष्ट ऐकताना कान उघडे ठेवा. तो ‘आर्थरचं दुःख मला कळलं’ असं म्हणाला तर ते कोणत्याही चांगल्या प्रेक्षकाचं बोलणं आहे. पण ‘तो पिक्चर माझ्यावरच काढलाय’, ‘भावोजींनी तो मुद्दाम लावला, मला काहीतरी सांगायचं होतं’ असं काही खात्रीने सांगू लागला, रात्रीची झोप गेली, दुकानात जाणं बंद झालं, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका, लगेच डॉक्टरांना कळवा. त्यात चित्रपटाचा दोष शोधण्यापेक्षा आजार डोकं वर काढतोय हे ओळखणं महत्त्वाचं.

आता तुमच्या नवऱ्याबद्दल. पत्रात त्यांच्याविषयी तुम्ही जे लिहिलंय त्यात राग आहे, आणि तो मी समजू शकते. पण मला त्या वाक्यात भीती ऐकू येते. भीती त्यांच्यात कुठून आली याचा जरा मागोवा घेऊ.

२०१९ च्या ऑक्टोबरमध्ये हा चित्रपट आला तेव्हा अमेरिकेत एक वेगळीच धास्ती होती. २०१२ साली कोलोरॅडोतल्या अरोरा गावी बॅटमॅनच्याच एका चित्रपटाच्या मध्यरात्रीच्या खेळात एका माणसाने गोळीबार केला होता, त्यात १२ जण गेले. त्या मृतांच्या काही नातेवाइकांनी ‘जोकर’ बनवणाऱ्या कंपनीला पत्र लिहून काळजी कळवली. कोणी माथेफिरू तरुण आर्थरचं अनुकरण करेल अशी चर्चा सुरू झाली आणि काही शहरांत थिएटरांवर पोलीस वाढवले. त्या पहिल्या दिवसांत तसं काही घडलं नाही. परिणाम झाला तो दुसरीकडे, साध्या, शांत, घरी परतलेल्या प्रेक्षकांवर. न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठातल्या संशोधकांनी एक अभ्यास केला, तो २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. काही जणांना त्यांनी ‘जोकर’ दाखवला आणि काहींना त्याच सुमाराचा ‘टर्मिनेटर’ मालिकेतला चित्रपट. आधी आणि नंतर, मानसिक आजार असलेल्या माणसांबद्दल काय वाटतं हे प्रश्नावलीतून विचारलं. हाणामारी दोन्हीकडे होती. पूर्वग्रह वाढलेला दिसला तो ‘जोकर’ पाहिलेल्यांचा. अभ्यास लहान होता, हा बदल किती टिकतो हे त्यातून सिद्ध होत नाही. पण तुमच्या गाडीत जे घडलं ते या निष्कर्षाच्या किती जवळचं आहे पाहा.

आणि हा काही एकाच चित्रपटाचा दोष नाही. बॅटमॅनच्या शहरात पकडलेले बरेचसे भयंकर गुन्हेगार तुरुंगात जात नाहीत, ते मनोरुग्णालयात जातात. १९७४ पासून त्या मनोरुग्णालयाला नाव आहे, अर्कम. दर काही महिन्यांनी कोणीतरी तिथून पळतं आणि पुन्हा माणसं मारतं. कॉमिक, मालिका, चित्रपट, व्हिडिओ गेम अशा वाटांनी पिढ्यानपिढ्या पोरांनी हेच पाहिलं की उपचार घेणारा माणूस म्हणजे सुटायची वाट बघणारा खुनी. आपल्याकडे तरी काय वेगळं आहे? ‘याला येरवड्याला पाठवा’ हे वाक्य विनोद म्हणून किती लग्नांत, किती स्नेहसंमेलनांत ऐकलं आहे आपण. तुमच्या भावाने ते निदान झाल्यानंतर कितीदा ऐकलं असेल?

पण ताई, मला जे मुख्य सांगायचंय ते पुढे आहे. तुमच्या नवऱ्याच्या मनावर चित्रपट एवढा ठसला, कारण तिथली जागा रिकामी होती. तुम्ही त्यांना ‘डिप्रेशन’ सांगितलंत. त्यांना दिसत होतं ते वेगळं : मेव्हणा कधी एकटाच पुटपुटतो, कधी दोन दोन दिवस बोलत नाही, गोळ्या घेऊन अकरा वाजता झोपतो. सांगितलेलं आणि दिसणारं जुळत नव्हतं. मोकळेपणाने विचारावं तर घरात तो विषय निघाला की सगळे गप्प होतात. अशा माणसापुढे दोन तासांत कोणीतरी एक सलग, समजणारी, दमदार गोष्ट ठेवली आणि त्याने ती उचलली. आजार त्यांना चित्रपटाने समजावला, कारण घरातल्या कोणीच समजावला नव्हता.

तुम्ही लपवलंत ते का, हेही मला कळतं. बहिणीचं सासर, भावाचं पुढे कधी लग्न, आईवडिलांचं नाव, मुलांकडे बघून उद्या कोणी काही बोलेल ही भीती. स्किझोफ्रेनिया हे नाव उच्चारल्यावर समोरच्याचा चेहरा कसा बदलतो हे तुम्ही पाहिलंय. ही लपवाछपवी भावाला वाचवण्यासाठी होती. पण आता तिनेच त्याच्याविरुद्धची बाजू भक्कम केली आहे, आणि ती कोणीतरी उघडायला हवी.

उघडण्याआधी भावाला विचारा. त्याच्या आजाराची माहिती ही त्याची आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानेही ती गुप्त ठेवण्याचा हक्क त्याला दिलेला आहे. ‘भावोजींना खरं नाव सांगू का? काय सांगू, काय नको?’ असं त्याला विचारा. बहुतेक वेळा असं दिसतं की आजारी माणसाला लपवाछपवीचा कंटाळा घरच्यांपेक्षा जास्त आलेला असतो. तो नको म्हणाला तर थांबा, थोड्या दिवसांनी पुन्हा विचारा.

हो म्हणाला, तर नवऱ्याशी बोलताना वादाचा सूर नको. ‘तुम्ही माझ्या भावाला खुनी समजता’ अशी सुरुवात केलीत की ते स्वतःचा बचाव करत बसतील. ‘मी तुमच्यापासून एक गोष्ट लपवली, ती सांगते’ अशी सुरुवात करून पाहा. नंतर त्यांना नेमकं विचारा : तुम्हाला कसली भीती वाटते? तो मुलांना मारेल? त्यांच्यासमोर विचित्र वागेल? मुलांनाही हा आजार होईल? या तीन वेगवेगळ्या भीती आहेत आणि तिघींची उत्तरं वेगळी आहेत. तिसरी अनेकदा मनातच राहते. मामाला आजार असला म्हणून भाच्यांना तो होण्याची शक्यता थोडी वाढते, पण तरीही ती कमीच असते, आणि तिचा मामाकडे राहण्या न राहण्याशी काही संबंध नाही.

पहिल्या भीतीबद्दल जे माहीत आहे ते सरळ सांगते. अमेरिकेत मनोरुग्णालयातून घरी गेलेल्या सुमारे हजार जणांचा एक मोठा मागोवा घेतला गेला, तो १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. दारू किंवा अमली पदार्थांचं व्यसन नसलेले रुग्ण आणि त्याच वस्तीतले त्यांचे शेजारी यांच्यात हिंसेच्या प्रमाणात म्हणावा असा फरक त्यात सापडला नाही. गंभीर मानसिक आजार असलेली माणसं दुसऱ्यांवर हात उचलण्यापेक्षा दुसऱ्यांचा मार खाण्याची शक्यता जास्त असते. आर्थरही निम्म्या चित्रपटात मार खातो, ते आपण विसरतो, कारण शेवटी त्याच्या हातात पिस्तूल असतं. पण मी तुम्हाला अर्धंच सांगणार नाही. आजार उसळलेला असताना, उपचार नसताना, सोबत दारू किंवा गांजा असताना, किंवा पूर्वी मारामारीचा इतिहास असताना धोका वाढतो, आणि तो घरच्यांनाच जास्त असतो. म्हणून ‘काही होत नाही हो’ असं म्हणून नवऱ्याला गप्प करू नका. त्यांची काळजी पूर्ण निराधार नाही, ती फक्त चुकीच्या माणसाला पाहून ठरवलेली आहे. तुमच्या भावाला पाहून ठरवा : औषधं नियमित आहेत का? आजार सर्वात वाढला होता तेव्हा त्याने कोणाला मारलं होतं का? व्यसन आहे का? गेल्या वर्षभरात ऐकू येणारे आवाज, संशय कितपत होते? या चार प्रश्नांची उत्तरं कोणत्याही चित्रपटापेक्षा जास्त सांगतील. तुमच्या पत्रावरून तरी ती बरी दिसतात.

मग मे महिन्याचं काय? मला तीन वाटा दिसतात. मुलांना अजिबात न पाठवणं ही पहिली. ती सोपी आहे, पण तिची किंमत तुमच्या भावाने भरायची आहे. पोरं आली नाहीत की का आली नाहीत हे त्याला कोणी सांगायची गरज पडणार नाही. त्या सकाळच्या प्रश्नाचं उत्तर त्याला तिथे मिळेल, आणि ते चुकीचं असेल. मुलांनाही मामा अचानक का तुटला ते कळणार नाही, ती स्वतःच काहीतरी अंदाज बांधतील. दुसरी वाट म्हणजे काही झालंच नाही असं समजून तीन आठवडे नेहमीसारखं सोडून यायचं. यात नवऱ्याचा रोजचा फोन, तुमचा रोजचा जीव टांगणीला, आणि भावावर ‘या सुट्टीत काही म्हणजे काही चुकता कामा नये’ हे ओझं. दोन्ही मला पसंत नाहीत.

मी असं करेन : यंदा सुट्टी लहान ठेवेन, आठ-दहा दिवसांची, आणि सुरुवातीचे काही दिवस तुम्ही दोघं तिथे राहा. नवऱ्यानेही राहावं यावर मी अडून बसेन. भावाबरोबर दुकानात बसावं, बाजारात जावं, जेवावं. भीती कमी होते ती माणूस जवळून पाहिल्यावर. मुलांची जबाबदारी आजीआजोबांची असू दे, मामाची नाही. त्याला झोप येते, गर्दी-गोंगाटाचा त्रास होत असेल, अशा माणसावर दोन पोरं सोपवणं हे त्याच्यावरच अन्याय करणारं आहे. त्याला खेळायचं तेवढं खेळू दे, दमला की खोलीत जाऊन दार लावायची मोकळीक असू दे. आणि बेत आखताना त्यालाही विचारा, पोरं किती दिवस आली तर तुला झेपेल? कदाचित तोच म्हणेल, आठवडा पुरे.

मुलांना आधी सांगा. ११ वर्षांच्या मुलीला आजाराचं नाव सांगितलं तरी चालेल. सातव्या वर्षी एवढं पुरे : ‘मामाच्या मेंदूला एक आजार आहे. कधी कधी त्याला नसलेल्या गोष्टी ऐकू येतात. तो औषध घेतो. तुझ्यामुळे काही झालेलं नाही. मामा वेगळा वागला, तुला भीती वाटली तर आजीजवळ जायचं, त्याला हसायचं नाही.’ आणि हो, तो चित्रपट मुलांच्या हाती लागू देऊ नका. आपल्या सेन्सॉरने त्याला प्रौढांसाठीचं प्रमाणपत्र दिलंय आणि ते योग्यच आहे. बॅटमॅनचं नाव दिसलं की पोरांचं समजून लावून देणारी घरं मी पाहिली आहेत.

आता तुमची ती टाळी. तुम्ही तिच्यावरून स्वतःला फार कठोरपणे तपासताय. तो चित्रपट आर्थरच्या डोळ्यांनी जग दाखवतो, इतका की शेजारणीचं प्रेम खोटं होतं हे त्याच्याबरोबरच आपल्यालाही उशिरा कळतं. हिल्दूर गुडनादोत्तिर या आइसलँडच्या संगीतकार बाईंनी त्यातलं बरंचसं संगीत चित्रीकरणाआधीच रचलं होतं. पहिल्या खुनांनंतर आर्थर स्वच्छतागृहात नाचतो, तो नाच आर्थरचं काम करणाऱ्या वाकीन फिनिक्सने त्यांच्या चेलोच्या (व्हायोलिनसारख्या मोठ्या वाद्याच्या) सुरांवरच केला. दोघांनाही ऑस्कर मिळालं. इतकी कसबी माणसं तुम्हाला तासभर एका अपमानित माणसाच्या कातडीत बसवतात आणि मग त्याचा अपमान करणारा खाली पडतो. टाळी वाजते. ती अपमानाविरुद्ध वाजलेली असते. तिने तुम्ही क्रूर ठरत नाही. दिवाळीत ती वाजली नाही, कारण आता तुमच्या शेजारी एक खरा माणूस बसला होता आणि तुम्ही पडदा त्याच्या बाजूने पाहत होता. दोन्ही वेळच्या तुम्ही खऱ्याच आहात. आर्थरबद्दल तेव्हा कळवळलात म्हणून भावाचं दुखणं तुम्हाला लवकर कळलं असेल, असंही मला वाटतं.

नवऱ्याबरोबर पुन्हा एखादा चित्रपट पाहायचाच असेल तर ‘देवराई’ पाहा. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा, २००४ सालचा. त्यात स्किझोफ्रेनिया झालेला भाऊ अतुल कुलकर्णींनी केलाय आणि त्याला सांभाळणारी बहीण सोनाली कुलकर्णींनी. तिथे कोणाला खलनायक बनायचं नाही, त्यामुळे आजाराला आजार म्हणून उलगडायला वेळ मिळतो. ऐकू येणारे आवाज, बहिणीची ओढाताण, घरातले ताण, सगळं तिथे आहे. भावाला तो दाखवायचा की नाही ते त्याच्यावर सोडा.

तुमच्यासारख्या आणखीही घरांसाठी सांगते. पुण्यात जगन्नाथ वाणी यांनी सुरू केलेली स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन आहे, ठाण्यात ‘इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ’ म्हणजे आयपीएच आहे. रुग्णांच्या घरच्यांना एकमेकांशी बोलता येईल असं काम या संस्था अनेक वर्षं करत आहेत. जाणं शक्य नसेल तर सरकारची ‘टेलिमानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मोफत मिळते, मराठीत बोलता येतं, आणि रुग्णाच्या नातेवाइकांनीही फोन केला तरी चालतो.

आणि भावाची परवानगी मिळाली की त्याच्या डॉक्टरांची पुढची वेळ घेताना तुमच्या नवऱ्यालाही सोबत न्या. जे प्रश्न ते तुम्हाला गाडीत विचारतात ते तिथे विचारू द्या, कितीही बोचरे वाटले तरी मध्ये बोलू नका. आजार पुन्हा उलटतोय हे सुरुवातीला कशावरून ओळखायचं आणि तेव्हा कोणाला फोन करायचा, हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. एक प्रत आईवडिलांकडे असू दे, एक तुमच्या नवऱ्याकडे. ही भेट मार्चअखेरपर्यंत उरका, म्हणजे डॉक्टरांनी औषधात काही बदल सुचवला तर मुलं यायच्या आत तो भावाच्या अंगवळणी पडायला महिनाभर मिळेल.